सासऱ्यांची अँटेना आणि तात्यांची बेल

अँटेना बांधण्यात माझा हात धरणारा माणूस बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही, असं मी माझ्या बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. या दोन तालुक्यांत अँटेना बांधणारं दुसरं कोणी असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. राहायला पिंपळीला. दिवसभर गिऱ्हाइकांकडून पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन रेडिओसमोर बसायचं. रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. मग माइकचं बटण दाबून बोललं की आवाज हवेतून थेट सोलापूर, हुबळी, नशीब जोरावर असलं तर श्रीलंकेपर्यंत जातो. मधे टॉवर नाही, सिम नाही. बटण दाबलं की बोलायचं, 'ओव्हर' म्हणून सोडलं की ऐकायचं. एकाच वेळी दोघांना बोलताच येत नाही. नवराबायकोंसाठी फार उत्तम यंत्र आहे, असं मी एकदा साक्षीला, म्हणजे बायकोला, म्हणालो. ती म्हणाली, "बटण माझ्याकडं राहणार असलं तर उत्तमच आहे."

तर हा छंद माझ्यापुरता, माझ्या गच्चीपुरता होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. त्यात माझे सासरे आले.

गंगाराममामा इंदापूर तालुक्यात वरकुट्याला राहतात. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, मालनबाई, गेल्या आणि मामा घरात एकटे उरले. आम्ही हरतऱ्हेनं सांगून पाहिलं की पिंपळीला येऊन राहा. मामांचं एकच उत्तर: "माझं मुख्यालय वरकुटं हाय. मुख्यालय सोडायचं तर वरिष्ठांची परवानगी लागती, आन् माझी वरिष्ठ तर गेली."

साक्षीनं त्यांना मोबाइल घेऊन दिला. मामांनी तो चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि चार्जिंग वाया जायला नको म्हणून बंदही केला. एकदा दिवसभर फोन लागला नाही. साक्षीचा जीव थाऱ्यावर राहिना. दुकान तसंच टाकून आम्ही तासाभराचा रस्ता तोडत वरकुट्याला पोचलो, तर मामा अंगणात बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होते.

"आप्पा, फोन का उचलला नाही?" साक्षी रडकुंडीला आली होती.

"वाजलाच न्हाय."

"बंद असल्यावर कसा वाजंल?"

"मंग तू बंद फोनला कशाला लावती?" मामांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर, भिगवण रस्त्याला लागल्यावर साक्षी म्हणाली, "मला रोज त्यांचा आवाज ऐकायचाय. एवढंच. बाकी काही नको." आणि तिथं, मोटारसायकलवर, मला ती कल्पना सुचली. मामांना हॅम करायचं.

मला वाटलं होतं, ते धुडकावून लावतील. पण परीक्षा, परवाना, दिल्लीहून येणारा कागद हे शब्द ऐकल्याबरोबर मामांच्यातला सरकारी माणूस ताठ बसला. त्यांनी पुस्तकं मागवून घेतली. हिवाळाभर अभ्यास केला. पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाले. परवाना यायला पुष्कळ महिने लागले, पण मामा अजिबात वैतागले नाहीत. "लवकर आला असता तर मला संशय आला असता," म्हणाले.

आता प्रश्न अँटेनाचा. ही अँटेना म्हणजे वीस मीटर लांबीची तांब्याची तार. मधोमध तोडायची, तिथून एक केबल खाली रेडिओकडं आणायची आणि तारेची दोन्ही टोकं उंचावर ताणून बांधायची. एक टोक मामांच्या गच्चीवरच्या पाइपला बांधता येत होतं. दुसऱ्या टोकाला उंच असं काहीतरी हवं होतं आणि बरोबर वीस मीटरवर एक झकास नारळ उभा होता. फक्त तो भिंतीपलीकडं, विजयसिंहतात्यांच्या आवारात होता.

आणि मामा अन् तात्या एकमेकांशी बोलत नव्हते.

हे दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. पुढं मामा खात्यात लागले, तात्या ऊस करू लागले. एका उन्हाळ्यात तात्यांनी पाण्याची पाळी नसताना रात्रीतून कालव्याचं दार उचलून उसाला पाणी घेतलं. सकाळी मामा गस्तीवर. त्यांनी दार पाहिलं, भिजलेला ऊस पाहिला आणि पंचनामा करून दंड ठोकला. तात्यांचं म्हणणं, एका बाकावर बसलेला माणूस पंचनामा करतो का? मामांचं म्हणणं, एका बाकावर बसलेल्या माणसानं पाणी चोरावं का? तेव्हापासून मधली भिंत दोघांनी आपापल्या बाजूनं एकेक थर वाढवत नेली. सासूबाई गेल्या तेव्हा तात्या आले होते. सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि न बोलता निघून गेले. तात्यांच्या घरच्या, कौसल्याकाकू, त्या मात्र तेरा दिवस भाकऱ्या पाठवत होत्या.

मी जीव मुठीत धरून तात्यांच्या दाराशी गेलो. फाटकाच्या खांबावर बेल होती. दाबली. आतून एका बाईचा गोड, पण स्पीकर फाटल्यासारखा आवाज आला: "कृपया दरवाजा खोलिए." पाठोपाठ चिमण्या किलबिलल्या. तात्या बाहेर आले.

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नारळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तार कुणाची?"

"माझी."

"पैशे तूच घातलंस?"

"हो."

"मंग बांध. त्याची असती तर न्हाय म्हणलो असतो."

मी भिंतीअलीकडं आलो. मामा ओट्यावर बसून होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, तरी म्हणाले, "झाडाशी माझं काय वाकडं न्हाय. झाडानं कधी दार उचललं न्हाय."

झाडावर चढायची गरज नाही, असं मी जाहीर केलं. जाणकार लोक दोरीला वजन बांधून ती झाडावरून फेकतात. मामांच्या घरात जुनी गोफण होती. बारीक दोरीला एक जाडजूड नट बांधला, गोफणीत ठेवला, डोक्यावर गरगर फिरवून सोडला. दोरी बरोब्बर नारळाच्या शेंड्यावरून गेली. साक्षीनं टाळ्या वाजवल्या. मी गोफण खांद्यावर टाकून, ज्वारीचं रान एकट्यानं राखल्याच्या थाटात, भिंतीपलीकडं डोकावलो.

कौसल्याकाकूंनी पलीकडं बाजेवर लुगडं पसरून कुरडया घातल्या होत्या. नट त्यातल्या एका कुरडईच्या मधोमध, देवाच्या नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावं तसा, बसला होता. आणि दोरी ओढून घ्यायच्या गडबडीत मी तो लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरासारखा फिरवला.

काकू पोळपाट घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, आता काही आपली धडगत नाही. पण त्यांनी कुरडयांकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "साक्षीच्या आप्पांसाठी चाललंय न्हवं? चालू द्या. कुरडया काय, पुन्हा होत्यात."

संध्याकाळपर्यंत तार ताणली. एक टोक मामांच्या गच्चीवर, एक तात्यांच्या नारळाला. मधली भिंत तारेच्या खालीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पिंपळीत मी माझ्या रेडिओसमोर बसलो, शेजारी साक्षी. संध्याकाळी सातला हाक मारायची असं ठरलं होतं. खरखरीतून आवाज आला, अगदी स्वच्छ, जणू मामा आमच्या माजघरात बसलेत.

"पिंपळी, पिंपळी. मी वरकुटं मुख्यालयातून बोलतोय. आवाज पोचतोय का? ओव्हर."

साक्षीनं पदर डोळ्याला लावला. मी बटण दाबून म्हणालो, "पोचतोय मामा. ओव्हर."

आमची दिनचर्या ठरून गेली. परवाना नसल्यामुळे साक्षीला बोलता येत नव्हतं, म्हणून ती माझ्या कानाशी प्रश्न विचारायची आणि मी ते हवेत सोडायचो. "गोळ्या घेतल्या का", "भाजी काय केली", "पोट साफ होतंय का." मामा खात्याच्या भाषेत अहवाल द्यायचे. "सकाळचा विसर्ग कमी दाबाचा. दुपारनंतर परिस्थिती नियंत्रणात. ओव्हर."

एक गोष्ट मी मामांना नीटशी समजावली नव्हती, ती म्हणजे हे बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. त्या पट्टीवर, म्हणजे आमच्या फ्रिक्वेन्सीवर, महाराष्ट्रातले, कर्नाटकातले कितीतरी लोक कान लावून असतात. चौथ्या का पाचव्या दिवशी मधेच एक आवाज आला, "माफ करा, मी सोलापूरहून डॉक्टर बोलतोय. रोज ऐकतो. काकांना रात्री कोमट पाण्यातून इसबगोल द्या. ओव्हर."

मामा घाबरतील असं मला वाटलं. मामा म्हणाले, "सूचना नोंदवली. ओव्हर."

त्यानंतर डॉक्टर रोज येऊ लागले. मामांच्या विसर्गावर अख्ख्या पट्टीचं लक्ष असायचं. ज्या दिवशी "विसर्ग समाधानकारक" असा अहवाल आला, त्या दिवशी हुबळीच्या कुणीतरी कानडीतून अभिनंदन केलं.

सगळं इतकं छान चाललं होतं, की मला शंका यायला हवी होती. ती आली नाही. तात्या आणि काकू आले. दुकानात.

तात्यांना चष्मा करायचा होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चाचणीची जड चौकट चढवली. काकू शेजारी बसून फ्रेमा बघत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सोमनाथ, बेल दुरुस्त करणारा कोण वळखीचा हाय का? आमची बेल येड्यासारखी वाजाया लागलीया. रोज सातला."

माझ्या हातातलं भिंग थांबलं. "सातला?"

"बरोबर सातला. 'दरवाजा खोलिए, दरवाजा खोलिए' करती. दार उघडावं तर बाहेर चिटपाखरू न्हाय. जरा थांबती, पुन्हा वाजती. पंधरा-वीस मिनटं चालतं बगा."

"बेल बिघडलेली न्हाय," तात्या चौकटीआडून म्हणाले. "कोण वाजवतंय ते मला ठावं हाय."

"कोण?"

तात्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळ्यांवर वेगवेगळी भिंगं असल्यामुळं त्यांचा एक डोळा लिंबाएवढा दिसत होता. पण चेहरा फार गंभीर होता. "गंगाराम. दुसरं कोण? मालनवैनी गेल्यापास्नं एकला पडलाय. येतो, बेल दाबतो आन् तोंड दाखवायचा धीर होत न्हाय, की जातो भिंतीआड. पुन्हा येतो. लहानपणापास्नं तसाच हाय. मास्तरच्या प्रश्नाचं उत्तर ठावं असायचं, पण हात वर कराया लाजायचा."

"मग तुम्ही काय करता?"

काकूच बोलल्या. "ह्ये सातच्या आधी दाढी करून, धुतलेली बंडी घालून आत दाराशी बसत्यात. मी दोन कप मांडून ठिवते. रोज एक कप वतून द्यावा लागतो."

मी चष्म्याचा नंबर लिहिला. काय लिहिला हे मला आजही नीट आठवत नाही, आणि त्याचा परिणाम पुढं दिसलाच.

मला सगळं कळून चुकलं होतं. तात्यांच्या फाटकापासून घरापर्यंत बेलची लांबलचक वायर गेलेली आहे, आणि माझी अँटेना बरोबर तिच्या डोक्यावर. मामांनी इकडं माइकचं बटण दाबलं की अँटेनातली शक्ती त्या वायरीत उतरत होती आणि बेलला वाटत होतं, कुणीतरी बटण दाबलं. मामांना यातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, कारण ते बोलताना कानांवर हेडफोन चढवून बसायचे. अँटेना मीच बांधली होती. दोन तालुक्यांतला एकमेव तज्ज्ञ.

घरी येऊन साक्षीला सांगितलं. ती हसायला लागली, आणि हसता हसताच एकदम थांबली.

"तात्या रोज बंडी घालून बसतात?"

"हो. मी रविवारी जाऊन दुरुस्त करून येतो. बेलच्या वायरीवर काळी कडी बसवायची, फेराइटची, म्हणजे रेडिओची लहर वायरीत शिरत नाही. काम पाच मिनिटांचं."

"हात लावू नका," साक्षी म्हणाली. "इतक्या वर्षांत त्या दोघांसाठी कुणालाच काही करता आलं नाही. तुमच्या चुकीनं काहीतरी होतंय. होऊ द्या."

तिचं म्हणणं मला पटत होतं. पण हॅमच्या परवान्याबरोबर एक जबाबदारी येते: आपल्या रेडिओमुळं शेजाऱ्याच्या वस्तूला त्रास होता कामा नये. शिवाय त्रास माझ्या अँटेनामुळं होतोय हे माझ्याच्यानं सहन होत नव्हतं. आणि खरं सांगू का, मला ती बंडीची गोष्ट टोचत होती. एक म्हातारा माणूस रोज दाढी करून कुणाची तरी वाट बघतोय आणि येणारं कुणीच नाही, येतेय ती माझी गळकी लहर. हे बरं नव्हे, असं मला वाटलं.

रविवारी "मामांच्या अँटेनाला ताण द्यायचाय" असं सांगून मी एकटाच वरकुट्याला गेलो. तात्यांना म्हणालो, "बेलची वायर जरा बघतो." तात्या म्हणाले, "बघ. पन बंद पाडू नगंस." मी वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक कडी अडकवली, फाटकावरचं बटण दाबून बेल चालू असल्याची खात्री केली आणि परत आलो. त्या संध्याकाळी मामा सातला बोलले. मग सोमवारी बोलले. वरकुट्याला दोन्ही दिवस काय घडत होतं, किंवा घडत नव्हतं, ते आम्हाला दिसत नव्हतं.

मंगळवारी मामांनी सातला अहवाल सुरू केला. "पिंपळी, मुख्यालयातून बोलतोय. आज दुपारी वांग्याची भाजी..."

आणि दारावर धाडधाड आवाज झाला. हेडफोन असूनही मामांना ऐकू गेला म्हणजे केवढा असेल बघा.

"थांबा, कोण तरी आलंय," मामा म्हणाले. हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मी वाट पाहत बसलो, आता 'ओव्हर' म्हणतील आणि मला बोलता येईल. पण 'ओव्हर' आलंच नाही. माइक खुर्चीच्या हाताच्या आणि उशीच्या मधे जाऊन बसला होता, बटणासकट. वरकुट्याचं घर आता अखंड बोलत होतं आणि आम्हाला फक्त ऐकता येत होतं. आम्हाला म्हणजे आम्हाला, सोलापूरला, हुबळीला, आणि त्या दिवशी हवा चांगली असल्यामुळं आणखी कुणाकुणाला.

दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मग तात्यांचा आवाज, धापा टाकत.

"बरा हाईस न्हवं?"

"मला काय झालंय?" मामा म्हणाले.

"दोन दिस आला न्हाईस."

"कुठं?"

"आमच्या दारात. मला वाटलं, पडला-बिडला का काय घरात एकला."

"मी? तुझ्या दारात? कवा आलो?"

"रोज येतोस. सातला बेल वाजवून पळतोस."

"इज्या, मी खात्याचा रिटायर माणूस हाय. ह्या वयात बेल वाजवून पळंन व्हय मी?"

"मंग मी येडा हाय? रोज दाढी करून दाराशी बसतोय ते?"

साक्षीनं माझा हात धरला होता, इतका घट्ट की अंगठी रुतली.

"कशापायी बसतोस?" मामांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"आलास तर दार उघडाय."

"रोज?"

"रोज. कौसल्या दोन कप मांडती."

रेडिओतून नुसती बारीक खरखर येत होती. ती पट्टी एरवी गजबजलेली असते, कुणी ना कुणी मधे घुसतं. त्या वेळी कुणी म्हणजे कुणी बोललं नाही.

"आत ये," शेवटी मामा म्हणाले. "दारात हुबं राहून पंचनामा होत न्हाय."

मग भांड्यांचे आवाज. मामा चहा करत होते. साखरेचा डबा रिकामा निघाला, तशी तात्या म्हणाले, "कारखान्याचा सभासद शेजारी राहतोय आन् तू बिनसाखरंचा बसलायस? पोतं पडलंय आमच्याकडं." मामा म्हणाले, "मागायला तोंड कुठं ठिवलं हुतं तू?" तात्या म्हणाले, "मी ठिवलं न्हवतं? बरं, मी ठिवलं न्हवतं. आता प्यायचा का च्या?" आणि दोघं बिनसाखरेचा चहा प्याले. भुरके आम्हाला मोजता आले असते.

साक्षी एका डोळ्यानं रडत होती, एका डोळ्यानं हसत होती. मीही भारावलो होतो. तेवढ्यात तात्या म्हणाले, "पर मंग बेल कोण वाजवत हुतं?"

मी खुर्चीत सरळ बसलो.

"सातला मी तर हितं रेडिओवर असतो," मामा म्हणाले.

"रविवारी तुजा जावई आला हुता. बेलच्या वायरीला कायतरी काळं काळं बांधून गेला. तवापास्नं बेल गप."

दोघं विचार करत होते. दोघांचेही विचार आमच्या घराच्या दिशेनं येताना मला ऐकू येत होते.

"म्हंजी त्याच्या तारंमुळं वाजत हुती," मामा सावकाश म्हणाले. "आन् त्याला ठावं हुतं."

"माणूस गुणी हाय रं," तात्या म्हणाले, "पर हाताला यश न्हाय. कुरडयातनं नट फिरवला त्यानं. आन् ह्यो चष्मा बघ. ह्यातनं मला तुज्या दोन पायऱ्या दिसल्या. तुला एकच हाय."

"तू आत येताना धडपडलास ते त्यामुळं का?"

"मंग? बारामतीत चांगलं दुकान हाय म्हनं त्याचं. कोण जातं कुणास ठावं."

मी रेडिओकडं बघत बसलो. बटण दाबून काही उपयोग नव्हता. समोरचा बोलत असताना आपलं तिकडं पोचत नाही, हा या यंत्राचा गुण मीच साक्षीला सांगितला होता. माझी निम्मी हॅम मित्रमंडळी माझ्याकडंच चष्मे करतात.

"पर एक हाय," मामांचा आवाज आला. "पोरीला माझा आवाज ऐकू यावा म्हणून त्यानं एवढा खटाटोप केला. मला परीक्षेला पुण्याला घेऊन गेला, दिवसभर बाहेर झाडाखाली बसून ऱ्हायला. रोज सातला दुकान सोडून येतो. पोटाचं इचारतो, लाजत न्हाय. मालन असती तर तिनं त्याची दृष्ट काढली असती."

आता माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. तात्यांनी फक्त "ते हाय" एवढंच म्हटलं.

"चल, तुला दावतो कसं बोलायचं ते," मामा म्हणाले. "माइक कुठं गेला? मगा हितंच... अरं, ह्या उशीत... इज्या, ह्याचं बटण दाबलेलंच हाय."

मग मामांनी घसा खाकरला, आणि सगळ्या महाराष्ट्राला उद्देशून, शक्य तितक्या सरकारी आवाजात म्हणाले, "ओव्हर."

बऱ्याच वेळानं सोलापूरचे डॉक्टर बोलले. "काका, इसबगोल चालू ठेवा. ओव्हर."

त्यानंतर काय झालं, तर मामा सातला रेडिओवर यायचे बंद झाले. सातला ते तात्यांच्या ओट्यावर असतात. पहिले दोन दिवस साक्षीनं काळजी केली, तर तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर तात्यांचाच फोन आला. "तुजा बाप हितं हाय. जेवलाय. विसर्ग बरा हाय म्हणतोय. ठिवतो." आता तो फोन रोज येतो. तात्यांना मी नवा चष्मा करून दिला. तो त्यांनी दोनदा तपासून घेतला, दुसऱ्यांदा इंदापुरातल्या दुसऱ्या दुकानातून.

मी मात्र सवयीनं सातला रेडिओ लावतो. वरकुट्याहून कुणी बोलत नाही, पण लोक मामांची चौकशी करतात, मी सांगतो. परवा डॉक्टर म्हणाले, "एक काम होतं तुमच्याकडं. मंगळवेढ्याला माझे दोघे चुलते असतात. भिंतीला भिंत लागून घरं, पण दहा वर्षं बोलचाल नाही. तिथं एक अँटेना बांधून द्याल का? ओव्हर."

मला भरून आलं. म्हणालो, "डॉक्टर, जरूर. कडी वगैरे घेऊनच येतो, अशी पक्की बांधून देतो की शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही. ओव्हर."

मग डॉक्टर फार अदबीनं म्हणाले, "नाही, म्हणजे, कृपा करून नीट बांधू नका. तुमच्या नेहमीच्या पद्धतीनंच बांधा. ओव्हर."